दोन्ही कामं एकाच मशीनवर

उत्रोली, ३ ऑगस्ट

कुंडलिकदादा,

तुला फोन लागत नाही. आधी वाटलं मार्गासनीला रेंज नसेल. मग आईच्या मोबाईलवरून लावला, तर तू पहिल्याच रिंगला उचललास आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून कागदावर लिहितोय. तसंही आपलं निम्मं बोलणं कागदावरच व्हायचं. मी गेम खेळत लाईव्ह असायचो, माईक चालू असायचा, आणि तू शेजारी लॅपटॉपवर बसून चिठ्ठी सरकवायचास. 'हळू बोल.' 'पाणी पी.' 'डावीकडं दोघं आहेत.'

नवं मशीन घरी आलं, हे मंगलमावशीनं तुला सांगितलंच असेल. तू सांगितलेला प्रोसेसर मी घेतला नाही, हे तुला माहीतच आहे. तू रागावला असशील, पण माझीही बाजू ऐकून घे.

तुझं म्हणणं मला कळलं नव्हतं असं नाही. आठ कोरचा घे, पण मोठ्या कॅशेचा घे, असं तू म्हणत होतास. गेमला ढीगभर कोर, म्हणजे काम करणारी डोकी, लागत नाहीत. थोडे लागतात, पण चपळ लागतात, आणि त्यांच्या हाताशी भरपूर मेमरी लागते, म्हणजे गर्दीच्या जागी शिरलं की चित्र अडत नाही. राहिलं ते लाईव्ह पाठवायचं काम. सेकंदाला साठ चित्रं, ती दाबून लहान करायची आणि नेटवर सोडायची. ते तू कॅप्चर कार्ड लावून तुझ्या लॅपटॉपवर करणार होतास. म्हणजे खेळायचं मशीन वेगळं, दाखवायचं वेगळं. मी खेळणार, तू दाखवणार.

मी सोळा कोरचा घेतला. पुण्याच्या दुकानदारानं तो गळ्यातच मारला म्हण. म्हणाला, निम्मे कोर गेम सांभाळतील, निम्मे स्ट्रीम, दोन्ही कामं एकाच मशीनवर. दुकानातून मी तुला फोन केला तेव्हा तू एवढंच विचारलंस, "म… मग माझं काय काम?" मी म्हणालो, तू आता आराम कर. ते मी चांगल्या मनानं म्हणालो होतो. भर पावसात मार्गासनीहून निघायचं, चेलाडीला एसटी बदलायची, इथं येईपर्यंत चिंब व्हायचं. त्यात भाताच्या लावणीला मावशी एकटी. हे सगळं मला दिसत नव्हतं का? तुझाच विचार करून घेतलंय मशीन.

चॅनेलचं नाव 'मावसभाऊ'च ठेवलंय. राग शांत झाला की ये.

सोमनाथ


उत्रोली, १७ ऑगस्ट

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मशीन चांगलं चाललंय. गेम चालू, स्ट्रीम चालू, आणि प्रोसेसर निवांत. तापमान चढतं, पण मोठा पंखा लावलाय. स्ट्रीम पाठवायला ग्राफिक्स कार्डाचाही उपयोग होतो, मग प्रोसेसरवर भारच येत नाही, हे तू मागं मला सांगितलं होतंस. तेव्हा मी ऐकलं नव्हतं. आता करून बघितलं, तर खरंच तसं आहे. म्हणजे सोळा कोरची गरजच नव्हती, असा त्याचा अर्थ निघतो. जाऊ दे.

अडचण माझीच होते. खेळता खेळता कमेंट वाचायच्या, कुणी शिव्या दिल्या तर त्याला बाहेर काढायचं, आई चहा घेऊन आली की माईक बंद करायचा, परत चालू करायचा. परवा माईक बंद ठेवून मी कितीतरी वेळ एकटाच बडबडत होतो. पब्लिकनं लिहून कळवलं. तू असतास तर चिठ्ठी आली असती.

लोक तुला विचारतात. 'दुसरा भाऊ कुठंय? तो कधी बोलणार?' मी सांगतो, लावणीत आहे.

त्यावरून आठवलं. तू एकदा लाईव्हवर बोलणार होतास. ओढ्याकाठी बसून आपण ते वाक्य किती वेळा म्हटलं होतं, "नमस्कार मंडळी, मी कुंडलिक." 'नमस्कार' नीट जायचं आणि 'मंडळी'वर तू थांबायचास. मग मी म्हणायचो, श्वास घे. शेवटी शेवटी तर अख्खं वाक्य यायला लागलं होतं. कुणाला सांगू नको म्हणालास, मी कुणाला सांगितलं नाही. त्या वाक्यासाठी तरी ये. माईक तुझ्यापुढं ठेवतो.

सोमनाथ


उत्रोली, २ सप्टेंबर

दादा,

जे झालं ते तुझ्यापर्यंत पोचलंय हे मला माहीत आहे. ती क्लिप नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरतेय म्हणतात. तू ती मोबाईलवर बघितलीस की लाईव्हच बघत होतास, ते मला कळायला मार्ग नाही. लाईव्ह नसशील अशी आशा करतो.

कसं झालं ते सांगतो. गणपतीची सुट्टी, रविवार, दुपारची वेळ. कधी नव्हे एवढं पब्लिक आलं होतं. मी एक डाव जिंकलो आणि कुणीतरी विचारलं, दुसरा भाऊ बोलत का नाही, मुका आहे का. मला वाटलं माईक बंद आहे. मी बटण दाबलं होतं. पण प्रोसेसरवर एवढा ताण आला होता की मशीन अडकलं आणि म्यूट झालंच नाही. सोळा कोर असून ऐन वेळी कमी पडले. मी आपला माझ्याशीच गंमत म्हणून ते म्हणत होतो. बाहेर जातंय हे मला माहीत नव्हतं.

आईलाही हेच सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यात तुझा काय गुन्हा? मशीनच बिघडलं." मग तिनं मावशीला फोन केला. मावशी म्हणाली, कुंडलिक दोन दिवस जेवला नाही. त्यावर आई म्हणाली, "त्याला आधीपासनंच नव्या मशीनचा राग हाय मंगल, म्हणून तो राईचा पर्वत करतोय." असं बोल म्हणून मी तिला सांगितलं नव्हतं. पण ती बोलत होती तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

मशीनची चूक माझ्या माथी मारू नकोस, एवढंच मागतो.

सोमनाथ


उत्रोली, १४ सप्टेंबर

दादा,

मागचं पत्र फाडून टाक.

मशीन अडकलं नव्हतं. तुला हे सांगायची गरज नाही, कारण तुला ते क्लिप बघतानाच कळलं असणार. प्रोसेसर कमी पडला की आधी चित्र अडतं, माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारल्यासारखा दिसतो, आवाज मागं राहतो. हे मला तूच शिकवलंस. त्या क्लिपमध्ये चित्र पाण्यासारखं वाहतंय. एक फ्रेम तुटलेली नाही. मी तुला खोटं लिहिलं, आणि तेही ज्या विषयात तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं त्या विषयात.

मी बटण दाबलंच नव्हतं. माईक चालू आहे हे मला दिसत होतं. विचारणाऱ्याला मी सरळ म्हणू शकलो असतो, मुका नाही, लाजतो. ते नाही म्हणालो. मी म्हणालो, "थांबा, तोच येतोय बोलायला," आणि तुझ्या आवाजात सुरू केलं. "न… नमस्कार म… म… म…" ओढ्याकाठचं वाक्य. पब्लिक हसायला लागलं. कमेंट एवढ्या जोरात वर सरकत होत्या की वाचता येईनात. बघणाऱ्यांचा आकडा वाढत चालला होता आणि मी त्याच्याकडं बघत 'म' आणखी लांबवला. पुढं तुझं नाव घेऊन परत तेच केलं. थांबलो ते पब्लिक हसून दमलं आणि कमेंट कमी व्हायला लागल्या तेव्हा.

आणखी एक. दुकानदारानं तो प्रोसेसर माझ्या गळ्यात मारला नव्हता. त्यानं आधी विचारलं होतं, "किती जण काम करणार?" दोघं असाल तर आठ कोरचा घ्या, दुसरा लॅपटॉप आहेच, उगाच जास्तीचा कशाला, असं तो म्हणाला. म्हणजे तुझंच बोलणं. मी म्हणालो, एकटा आहे. त्यानंतर त्यानं सोळा कोरचा काढला. एसटी, पाऊस, लावणी हे सगळं मी नंतर जुळवलं. लोक तुझ्याबद्दल विचारायचे ते मला खुपत होतं. पडद्यावर मी, खेळणार मी, आणि कौतुक जो दिसतही नाही त्याचं.

काल लाईव्ह जाऊन मी हे सगळं पब्लिकला सांगितलं. भावाची माफी मागितली. रडलोही. नेहमीपेक्षा जास्त लोक होते. सगळ्यांनी लिहिलं, मोठ्या मनाचा आहेस. व्हिडिओ चॅनेलवर सगळ्यात वर लावलाय. तू बघ. मग हवं तर शिव्या दे, पण बघ.

सोमनाथ


उत्रोली, २८ सप्टेंबर

दादा,

वरव्याच्या त्या कंपनीच्या गेटवर मी आलो हे तुला आवडलं नाही, ते तुझ्या चेहऱ्यावर दिसलं. तू तिथं कामाला लागलास हे मला मावशीच्या शेजाऱ्यांकडून कळलं. मी मार्गासनीला गेलो होतो, तर मावशीनं दार उघडलं, पाणी दिलं आणि उंबऱ्यातच म्हणाली, "तो हितं न्हाई. कामाला लागलाय. तुज्या आईला सांग, माज्या पोराला कुणाचं चांगलं बघवत न्हाई तर न्हाई. आमी आमचं बघू."

मी तेव्हाच तिला खरं सांगायला हवं होतं. पाणी प्यायलो आणि निघालो.

गेटवर तुझ्याबरोबरची माणसं पुढं गेली आणि तू थांबलास. मी बोलायला लागलो. व्हिडिओ बघितलास का, मी सगळं कबूल केलंय, आता आणखी काय करू, असं काय काय बोलत सुटलो. तू हात वर केलास. मग तू बोललास. मी ते इथं लिहितो, कारण मला ते जसंच्या तसं लक्षात ठेवायचंय.

"तू प… परत माझ्यावरच व्हिडिओ केलास."

पुढं तू थांबलास. तुझे ओठ मिटलेले, मान ताठ. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तुझं वाक्य पुरं केलं असतं. लहानपणापासून करत आलो. शाळेत, दुकानात, एसटीत तिकीट काढताना. मला वाटायचं ती माझी तुझ्यावरची माया. त्या दिवशी तुझ्या तोंडून काय येणार हे मला खरंच माहीत नव्हतं, म्हणून गप्प राहिलो. मागनं टेम्पो हॉर्न वाजवत होता. तू सावकाश बोललास.

"त्याला बी ल… लोक मोजलेस."

मी म्हणालो, "मोजले."

"मला माफी नको. माझ्या आईला स… सांग. तिला अजून वाटतं मी जळतो. मी सांगायला गेलो. पहिल्याच श… शब्दाला अडकलो. ती म्हणाली, खोटं बोलताना अडकतोस व्हय रे."

एवढं सांगून तू वळलास. मी मागं आलो तेव्हा म्हणालास, चॅनेल बंद करून मला दाखवू नको, तुझं तू बघ, आणि पत्रं पाठवू नको.

हे पत्र तरीही पाठवतोय, एवढं कळावं म्हणून की तो व्हिडिओ मी त्याच दिवशी काढून टाकला. कुणाला काही न सांगता. मावशीपुढं जायच्या आधी माझ्या आईला सांगायला हवं, तुला जळका तीच म्हणाली होती, पण तिलाही अजून सांगितलेलं नाही. दोनदा तिच्यापुढं जाऊन बसलो. एकदा ती तांदूळ निवडत होती, मी तिच्याबरोबर खडे काढत बसलो आणि उठलो. पब्लिकपुढं रडता आलं मला. आईपुढं तोंड उघडेना.

सोमनाथ


उत्रोली, १२ ऑक्टोबर

दादा,

हे शेवटचं. तू नको म्हणाला होतास, पण यातलं काही माझ्यासाठी नाही. तुला जे माहीत असायला हवं तेवढंच आहे.

मागच्या रविवारी आई आणि आबा दोघं घरात होते. मी क्लिप लावली. आईनं ती कधी बघितली नव्हती, मी तिला बघू दिलीच नव्हती. तिला वाटत होतं काहीतरी दोन शब्द निसटले असतील. ती मोबाईल हातात धरून बघत राहिली. संपल्यावर म्हणाली, "परत लाव." दुसऱ्यांदा बघून झाल्यावर तिनं विचारलं, "यात मशीन कुठं बिघडलंय?"

मी म्हणालो, "कुठं नाही."

"माईक चालू हाय हे तुला ठावं होतं?"

"होतं."

आबा उठून बाहेर गेले. आईनं मोबाईल खाली ठेवला. नंतर जे बोलली ते मला मारण्यापेक्षा वाईट होतं. "म्या मंगलला काय काय बोलले. तिच्या पोराला जळका म्हणाले. तू हितं हुबा राहून ऐकत व्हतास."

मी तिला दुकानातलंही सांगितलं. आठ कोर, सोळा कोर तिला कळायचं कारण नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे तो नको होता म्हणून म्हागातलं घेतलंस?" पाच पत्रांत मला जे सरळ लिहिता आलं नव्हतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती मार्गासनीला निघाली. मी बूट घालायला लागलो तर म्हणाली, "तू न्हाई यायचं. तू आलास की समद्यांनी तुज्याकडंच बघायचं." एकटी गेली. मी दिवसभर घरात. मशीन चालू केलं नाही.

रात्री शेवटच्या एसटीनं ती आली. मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं. मावशीनं आधी तिला घरात घेतलंच नाही. आई पडवीत बसून राहिली आणि तिथूनच सगळं बोलली, शेजारी ऐकत होते तरी. माझं खोटं, तिचं स्वतःचं फोनवरचं बोलणं, सगळं. मग मावशी आतून बाहेर आली आणि दोघी रडल्या. तू कामावरून आलास, तर मावशी सगळ्यांदेखत तुला म्हणाली, "कुंडलिक, माजं चुकलं. तुला बोलायला येळ लागतो तर म्या थांबाया पायजे व्हतं." आई सांगत होती की तू हातपाय धुतलेस आणि दोघींच्या मधे जेवायला बसलास. मावशीनं आईला मुक्कामाला राहा म्हटलं होतं.

मी विचारलं, "माझं काही निघालं का?"

"न्हाई," आई म्हणाली. "तुजं नाव बी कुणी काढलं न्हाई."

निदान एखादी शिवी तरी येईल असं मला वाटलं होतं. शिवी आली असती तर तिला उत्तर देता आलं असतं. आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्या जेवणात माझं नाव नव्हतं तेच बरं झालं. तुझ्या घरातलं एक जेवण तरी माझ्याशिवाय झालं.

मी अजून खेळतो. चॅनेलचं नाव काढलं, आता तिथं फक्त माझं नाव आहे. लोक थोडे उरलेत. दुसरा भाऊ कुठंय असं कुणी विचारलं तर सांगतो, मी त्याला घालवला, आणि का ते सांगत नाही, कारण ते सांगायला लागलो की परत तुझीच गोष्ट होते. क्लिप मात्र मला परत बोलावता येत नाही. ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्याकडं ती राहणार. वेल्ह्याच्या बाजारात एखादा तुला बघून हसेल आणि त्याला ती मी दिलेली असेल. याला माझ्याकडं उपाय नाही, तसा आव आणत नाही.

एवढं मात्र झालंय. मंगलमावशीला सगळं माहीत आहे, माझ्या आईला माहीत आहे, आबांना आहे. दुकानात काय झालं, माईकचं काय झालं, फोनवर काय बोललं गेलं, सगळं मी सांगून झालंय. या बाबतीत आता तुला कुणापुढंही तोंड उघडून काही समजावून सांगायची गरज उरलेली नाही.

सोमनाथ